फेज क्रम जुळला, कोन मात्र नाही

सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पातला पॉवर ट्रान्सफॉर्मर ऐन गळीत हंगामात निकामी झाला, तेव्हा त्याच्या जागी आणलेल्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरची चाचणी घेऊन तो चार्ज करण्याचे (ग्रीडची वीज देऊन चालू करण्याचे) काम माझ्याकडे आले. मूळ ट्रान्सफॉर्मर २५ एमव्हीएचा, ११/१३२ केव्हीचा. तो बुखोल्झ रिलेवर (टाकीतल्या बिघाडाने तयार होणारा वायू ओळखणाऱ्या संरक्षक उपकरणावर) ट्रिप झाला होता आणि तेलातल्या वायूंच्या तपासणीत ॲसिटिलीन निघाल्यामुळे आत आर्किंग झाल्याबद्दल शंका उरली नव्हती. जनरेटर शाबूत होता, त्यामुळे कारखाना ग्रीडपासून तुटून स्वतःच्याच विजेवर चालला होता. पण वीज विकता येत नव्हती, मिलवरचा भार हलला की फ्रिक्वेन्सी हलत होती आणि टर्बाइन एकदा बसले असते तर डिझेल जनरेटरवर सगळे पुन्हा उभे करावे लागले असते. साहजिकच प्रत्येकाला घाई होती.

दुसऱ्या कारखान्याकडून तात्पुरता मिळालेला ट्रान्सफॉर्मर क्षमतेने आणि व्होल्टेजने अगदी तसाच होता. फरक नेमप्लेटवरच्या एका आकड्याचा होता: जुन्याचा व्हेक्टर ग्रुप (दोन बाजूंच्या व्होल्टेजमधला कोन घड्याळाच्या तासांत सांगणारी खूण, एक तास म्हणजे ३० अंश) वायएनडी ११ आणि याचा वायएनडी १. पहिल्यात ११ केव्ही बाजूचे व्होल्टेज १३२ केव्ही बाजूच्या ३० अंश पुढे असते, दुसऱ्यात ३० अंश मागे. म्हणजे दोघांत ६० अंशांचे अंतर. कारखान्याचे विद्युत विभागप्रमुख अनुभवी गृहस्थ होते आणि यावरचा उपायही त्यांना ठाऊक होता. वायएनडी १ ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फेज अदलाबदल केल्या की बाहेरून तो वायएनडी ११ सारखा वागतो, कारण वाइंडिंगच्या दृष्टीने फेज क्रम (तीन फेज एकामागून एक येण्याचा क्रम) उलटा होतो आणि मागे पडणारा कोन पुढे जातो. हे तत्त्व बरोबर आहे आणि प्रत्यक्षात वापरलेही जाते.

मी पोहोचलो तेव्हा जोडणीचा आराखडा तयार होता. आर, वाय आणि बी या तीन फेजपैकी यार्डात, म्हणजे उघड्यावरच्या १३२ केव्ही बाजूला, वाय आणि बी या फेजचे जंपर (जोडतारा) बदलायचे ठरले होते, कारण त्या बाजूला जागा मोकळी होती आणि आर फेजच्या बाजूला अग्निरोधक भिंत असल्याने तिथे १३२ केव्हीचे अंतर राखणे अवघड होते. ११ केव्हीच्या केबल बॉक्समध्ये मात्र आर आणि वाय बदलायच्या होत्या. पूर्ण भाराला १३१२ ॲम्पियर वाहून नेणाऱ्या त्या सिंगल कोअर केबलींपैकी बी फेजच्या केबली तोकड्या होत्या, हलवायला जागाच नव्हती. ‘दोन्हीकडे दोन फेज बदलल्या, मग फेज सिक्वेन्स मीटर लावून खात्री करू आणि चालत्या जनरेटरवरच सिंक्रोनाइझ करू (ग्रीडशी जुळवून जोडू), क्लीनिंगपर्यंत (मिल सफाईसाठी बंद होईपर्यंत) थांबायला नको,’ असा साहेबांचा विचार होता.

मीटर लावला असता तर तो बरोबरच दिशा दाखवणार होता, आणि नेमकी हीच गोष्ट मला धोक्याची वाटली.

मी कागदावर व्हेक्टर काढले. दोन्ही बाजूंना तीच जोडी बदलली तर ग्रुप ११ होतो. पण एका बाजूला वाय-बी आणि दुसऱ्या बाजूला आर-वाय बदलल्या तर फेज क्रम जुळूनही कोन आणखी १२० अंशांनी सरकतो आणि ट्रान्सफॉर्मर बाहेरून वायएनडी ७ होऊन बसतो. दोन घड्याळांचे काटे एकाच दिशेने फिरतात म्हणून दोन्ही घड्याळांत एकच वेळ असते असे नाही. सिक्वेन्स मीटर फक्त काटे कोणत्या दिशेने फिरतात तेवढे सांगतो.

या कारखान्यात ही चूक सिंक्रोनायझिंग पॅनलवरही दिसली नसती. ग्रीड तुटल्यावर पुन्हा जोडणी १३२ केव्हीच्या ब्रेकरवर होते, आणि तिथे एकीकडून लाइनच्या पीटीचे (मोजणीसाठी व्होल्टेज कमी करून देणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे), तर दुसरीकडून ११ केव्ही बसच्या पीटीचे व्होल्टेज घेतले जाते. मधला ३० अंशांचा फरक ऑक्झिलरी पीटीने भरून काढलेला असतो. ती भरपाई ग्रुप ११ गृहीत धरून आहे. सिंक्रोस्कोप (दोन व्होल्टेजमधला कोन काट्याने दाखवणारे उपकरण) बारावर, म्हणजे शून्य फरकावर, आला असता, कोन जुळल्यावरच ब्रेकर जोडू देणाऱ्या चेक सिंक रिलेनेही तेच दोन व्होल्टेज पाहून परवानगी दिली असती, आणि ब्रेकरच्या दोन टोकांना प्रत्यक्षात १२० अंशांचा फरक असता. जनरेटरच्या शाफ्टवर सर्वांत वाईट झटका साधारण याच कोनाला बसतो.

साहेब प्रथम नाराज झाले, ते समजण्यासारखे होते. व्हेक्टरचा कागद त्यांनी स्वतः दोनदा काढून पाहिला आणि मग जंपरचा आराखडा बाजूला ठेवला. तरी नेमप्लेटवर सगळा भरवसा ठेवणे मला पटत नव्हते, कारण दुरुस्तीतून आलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आतल्या लीड बदललेल्या असू शकतात. म्हणून आधी ४१५ व्होल्टची चाचणी घेतली. एचव्ही (१३२ केव्ही) बाजूला तीन फेज ४१५ व्होल्ट दिले, १यू आणि २यू टर्मिनल (१ म्हणजे एचव्ही, २ म्हणजे एलव्ही बाजू; यू, व्ही, डब्ल्यू ही तीन फेजची टर्मिनल) एकमेकांना जोडली आणि उरलेल्या टर्मिनलांमधली व्होल्टेज मोजली. एलव्हीला (११ केव्ही बाजूला) साधारण ३५ व्होल्ट येतात, त्यामुळे चार मोजण्यांपैकी तीन ३८५ च्या आसपास आणि एक ४१६ च्या आसपास मिळते. ती मोठी मोजणी १व्ही-२डब्ल्यू मध्ये आली तर ग्रुप १, आणि १डब्ल्यू-२व्ही मध्ये आली तर ग्रुप ११. आमची १व्ही-२डब्ल्यू मध्येच आली, म्हणजे नेमप्लेट खरी होती. या चाचणीचा एक गुण मला आवडतो: चाचणीसाठी दिलेल्या पुरवठ्याचा फेज क्रम उलटा असला तरी आकडे तेच राहतात, कारण व्हेक्टरची आकृती आरशातल्यासारखी उलटली तरी बिंदूंमधली अंतरे बदलत नाहीत.

मग दोन्ही बाजूंना आर-वायच बदलायच्या असे ठरले. केबलींची अडचण नव्हती. यार्डात भिंतीच्या बाजूने जंपर नेण्यासाठी स्टोअरमधून पोस्ट इन्सुलेटर काढून एक आधार उभा करावा लागला. तो उभा करणाऱ्या वायरमन अण्णांनी फेजमधले अंतर टेपने मोजून माझ्याकडून वहीत सही घेतली, आणि त्यांचे बरोबरच होते. जोडणी पूर्ण झाल्यावर तीच ४१५ व्होल्टची चाचणी पुन्हा घेतली, पण या वेळी ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलांच्या नावांनी नव्हे, तर यार्डातल्या आणि केबलच्या फेजच्या नावांनी. मोठी मोजणी आता १३२ केव्हीची बी आणि ११ केव्हीची वाय यांच्यामध्ये आली. बाहेरून पाहता ट्रान्सफॉर्मर ग्रुप ११ झाला होता.

डिफरन्शियल रिलेच्या (दोन्ही बाजूंच्या प्रवाहांची तुलना करून आतला बिघाड ओळखणाऱ्या रिलेच्या) सेटिंगवरून थोडा वाद झाला. एका तरुण इंजिनिअरचे म्हणणे होते की नेमप्लेटवर १ आहे तर रिलेतही १ टाकावे. पण रिलेचे १३२ केव्हीचे सीटी (प्रवाह मोजणारे करंट ट्रान्सफॉर्मर) यार्डात, म्हणजे अदलाबदलीच्या अलीकडे, ग्रीडच्या बाजूला आहेत आणि ११ केव्हीचे सीटी पॅनलमध्ये. रिलेला दिसतो तो बाहेरचा ग्रुप, म्हणून सेटिंग ११ च ठेवले. हेच सीटी बुशिंगमध्ये, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्याच टर्मिनलवर असते तर मार्शलिंग बॉक्समध्ये (तारा एकत्र आणणाऱ्या पेटीत) त्यांच्याही तारा बदलाव्या लागल्या असत्या.

क्लीनिंगसाठी मिल थांबल्यावर जनरेटर बंद केला, ११ केव्हीची बस मोकळी केली आणि महापारेषणच्या उपकेंद्राकडून परवानगी घेऊन ट्रान्सफॉर्मर १३२ केव्हीकडून चार्ज केला. इनरशचा (चार्ज करताना क्षणभर येणाऱ्या मोठ्या प्रवाहाचा) हुंकार ओसरल्यावर काही तास तो बिनभार ठेवला, मग ११ केव्हीचा ब्रेकर घेतला. बॉयलरचा आयडी फॅन (धूर ओढणारा पंखा) क्षणभर फिरवून पाहिला. तो योग्य दिशेने फिरला, म्हणजे फेज क्रमाचा प्रश्न मिटला. खरी परीक्षा त्यानंतरची होती. बस आणि लाइन आता एकाच ग्रीडवर, ट्रान्सफॉर्मरमधून जोडलेल्या होत्या, त्यामुळे १३२ केव्हीच्या सिंक्रोस्कोपला बारावर निश्चल उभे राहण्यावाचून दुसरा पर्यायच नसायला हवा. ग्रुप १ असता तर काटा दोन किंवा दहावर उभा राहिला असता, आधीच्या आराखड्यात चार किंवा आठवर. तो बारावर उभा राहिला आणि फरकाच्या व्होल्टमीटरवर टॅपमुळे (व्होल्टेज थोडे कमी-जास्त करण्याच्या सोयीमुळे) येतील तेवढेच एक-दोन व्होल्ट दिसले. साहेबांनी पॅनलच्या काचेवर बोट टेकवून काटा हलतो का ते पाहिले.

रात्री टर्बाइन फिरवून जनरेटर ११ केव्हीच्या ब्रेकरवर सिंक्रोनाइझ केला आणि पहाटेपर्यंत निर्यात सुरू झाली. जाण्यापूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर आणि रिले पॅनलवर रंगाने लिहून घेतले: नेमप्लेट ग्रुप १, दोन्ही बाजूंना आर-वाय अदलाबदल, रिले सेटिंग ११. मूळ ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होऊन परत बसेल तेव्हा जंपर आणि केबली दोन्ही एकाच शटडाउनमध्ये पूर्ववत कराव्यात, अशी नोंद लॉगबुकात साहेबांच्या आणि माझ्या सहीने केली.