हेपेटायटिस सी निघालाय, जडीबुटी चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. इंदूरला नशामुक्तीच्या कामात असल्यामुळे घरची मंडळी, त्यातून आया, मला हे सारखं विचारतात, की ताई, मुलाची ब्राउन शुगर सुटली पण रक्तात हेपेटायटिस सी, म्हणजे लिव्हरचा व्हायरस, निघाला, तर भुईआवळा, कुटकी, गुळवेल असं काही नाही का चालणार, आधीच इतकं विष गेलंय पोटात, आता अजून गोळ्या कशाला.

सी साठी नाही चालणार. काढ्याने हा व्हायरस जात नाही. भुईआवळ्याचं नाव झालं ते १९८८ च्या मद्रासच्या अभ्यासामुळे, पण तो हेपेटायटिस बी या वेगळ्या व्हायरसवर होता, आणि पुढे बाकीच्यांनी करून पाहिलं तेव्हा तसा गुण आला नाही. सिलिमरिन म्हणून लिव्हरसाठी एक वनस्पतीचा अर्क देतात, त्याचा मोठा डोस सी च्या पेशंटना देऊन पाहिला, त्याचा निकाल २०१२ साली आला, नुसत्या खोट्या गोळीपेक्षा काही फरक नाही. आणि गुळवेलीने उलट लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्यात.

मला जास्त काळजी वाटते ती बाटल्यांची. एक आई इथल्या सियागंज बाजारातून रोहितकारिष्ट घेऊन आल्या होत्या, लिव्हरसाठी चांगलं असतं म्हणून, आणि मुलगा दारू सोडलेला. मी लेबल त्यांच्यासमोर धरलं, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, स्वनिर्मित अल्कोहोल. आसव आणि अरिष्ट आंबवूनच करतात, त्यात अल्कोहोल साधारण ५ ते १० टक्के येतंच. त्या बिचाऱ्या बघतच राहिल्या. दारू सोडायची डायसल्फिराम चालू असेल तर एवढ्यानेसुद्धा तोंड लालबुंद होतं, छातीत धडधडतं, उलट्या होतात, आणि गोळी चालू नसली तरी रोज दोन वेळा जिभेवर ती चव कशाला द्यायची?

आणि औषध आहे हो! सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर, रोज तोंडाने घ्यायच्या गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे, शंभरातले ९५ च्या वर बरे होतात. जुलै २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी नि गोळ्या दोन्ही फुकट मिळतात. लिव्हर कडक झालं असेल तर डॉक्टर औषध बदलतात, पण असतंच. फक्त आधी बी ची टेस्ट करून घ्या, कारण सी जाताना दबलेला बी उसळू शकतो. नशा पूर्ण सुटेपर्यंत थांबायचीही गरज नाही, ब्राउन शुगर सोडवायला देतात ते बुप्रेनॉर्फिन चालू असताना हा कोर्स होतो.

डोळे पिवळे नाहीत म्हणून वर्षभर काढे करत बसू नका, सी बऱ्याचदा काहीच न दाखवता लिव्हर खातो. घरात काही चालूच असेल तर पुडी, बाटली, सगळं पिशवीत घालून डॉक्टरला दाखवा, लपवू नका. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात व्हायरस उरलाय का ते बघायची, टेस्ट करायची, अँटीबॉडीची नाही, ती बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येते आणि लोक उगाच घाबरून परत काढ्यांकडे वळतात.