नव्या ग्राइंडरच्या अंगात करंट

मृग जवळ आला की आमच्या आर्वी तालुक्यातल्या वर्कशॉपांत उसंत नसते. वखराच्या पासांना धार, मोडलेले डवरे, ट्रॉलीचे हूक, सगळ्यांना सगळं आजच पाहिजे असते. म्हणून हंगामाआधीच नागपूरच्या इतवारीतून नवीन सामान आणलं: चार इंची हँड ग्राइंडर, ड्रिल मशीन आणि सहा इंची बेंच ग्राइंडर. पहिली दोन चांगली निघाली. बेंच ग्राइंडर बसवला आणि दुसऱ्याच दिवशी आमचा पोरगा म्हणाला, "दादा, मशीन झिणझिण करून राहिली."

वखराची पास घेऊन आलेले एक काका तिथंच बसले होते. ते म्हणाले, "नवीन हाय जी, थोडंसं मारतेच." हे 'थोडंसं' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. त्यातल्या कितीतरी कूलरांनी आधी असाच थोडासा झटका दिलेला असतो, आणि घरच्यांनी तो चालवून घेतलेला असतो.

मी मेन स्विच पाडला आणि पोराला लांब केलं. नुसता टेस्टर लावून भागत नाही. ज्या मशीनला अर्थिंग नाही तिच्या बॉडीवर टेस्टर उगाच मिणमिणतो, कारण त्याला पेटायला नावापुरता करंट पुरतो. म्हणून सिरीज बोर्ड, म्हणजे बल्बमधून करंट देऊन मशीन तपासायचा बोर्ड, काढला. ग्राइंडरचा प्लग बोर्डातून काढलेला, मशीनचा स्विच मात्र चालू ठेवलेला. मग सिरीज बोर्डापुरता मेन परत चालू केला. साठ वॉटच्या बल्बमधून आलेली फेजची वायर प्लगच्या फेज पिनला लावली आणि न्यूट्रल बॉडीला. मशीन धड असती तर बल्ब पेटलाच नसता. तो तांबूस पेटला. हा बल्ब पुऱ्या उजेडात पाव अँपिअर, म्हणजे अडीचशे मिलिअँपिअर घेतो, आणि जीव वाचवायला बसवतात तो आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की आपोआप सप्लाय तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरवर पडतो. अर्धामुर्धा बल्ब पेटवणारा करंट अनवाणी, घामेजल्या पोराच्या अंगातून गेला तर काय होईल, ते सांगायला नको.

मशीन उघडली असती तर वॉरंटी गेली असती. म्हणून ती तशीच गावातल्या मोटार रिवायंडिंगवाल्याकडं नेली. त्यानं मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला. किमान एक मेगाओहम तरी दाखवायला पाहिजे, इथं काटा शून्याला चिकटला. आतली वायर किंवा वाइंडिंग बॉडीला टेकलं होतं.

दुकानदारानं फोनवर ठरलेलं उत्तर दिलं: "भाऊ, तुमच्याकडची अर्थिंग खराब असंन." अर्थिंग कमजोर होती, ते खरं आहे. उन्हाळ्यात आमची काळी जमीन भेगाळते, रॉडभोवतीची माती सुटते, पाणी टाकलं नाही तर अर्थिंग नावालाच राहते. पण कमजोर अर्थिंगनं मशीनमध्ये दोष येत नाही, असलेला दोष तेवढा हाताला लागतो. चांगल्या अर्थिंगवर हीच मशीन कोणाला न कळता आतून करंट सोडत राहिली असती.

मग मशीन आणि सिरीज बोर्ड घेऊन एसटीनं नागपूर गाठलं. शेठ म्हणाले, धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही. हे पुष्कळ दुकानांत ऐकायला मिळते आणि आमच्यासारखे कारागीर ते ऐकून गप घरी येतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की पोट भरायला, स्वतःच्या रोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कामाची धरायची नाही. मी तेवढंच शांतपणे सांगितलं, 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर सांगितला आणि बोर्ड काउंटरवर मांडला. बल्ब पेटला तेव्हा दुकानातलं दुसरं गिऱ्हाईकही पाहायला आलं. शेठनी त्यानंतर वाद घातला नाही. मशीन बदलून देतो म्हणाले.

दुसरं खोकं तिथंच फोडायला लावलं. बल्ब पेटला नाही. ग्राइंडरचे धार लावायचे दगडही काढून घेतले, मधल्या भोकात बोट घालून लटकवले आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकून पाहिले. टणक, मोकळा आवाज आला, म्हणजे चीर नाही. मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेणारा दगड चिरलेला असला तर तो तोंडावरच फुटतो.

निघताना एक गोष्ट मी हट्टानं करून घेतली. परत केलेल्या मशीनच्या बॉडीवर मार्करनं 'बॉडीला करंट' असं मोठ्या अक्षरात लिहायला लावलं आणि बिलावरही तेच. ती पुन्हा खोक्यात भरून दुसऱ्या गावच्या एखाद्या पोराच्या हाती जाऊ नये म्हणून. शेठना ते आवडलं नाही, पण त्यांनी लिहिलं.

गावात आल्यावर आधी अर्थिंगचा खड्डा नव्यानं भरला, आरसीसीबी बसवला आणि मगच नवा ग्राइंडर जोडला. झिणझिण चालवून घेणारे ते काका आता घरचा कूलर तपासायला घेऊन येणार आहेत.