बिनाताङ, हेवान, सात्वा: उसन्या शब्दांच्या वहीत ‘प्राणी’ हा रकाना

या खेपेला मलय जगातल्या (मलेशिया, इंडोनेशिया आणि आसपासच्या) भाषांच्या वहीत ‘प्राणी’ हा रकाना लावला. तिथे तीन शब्द एकमेकांत गुंतले आहेत. त्यातला ‘बिनाताङ’ सर्वांत सोपा दिसतो आणि सर्वांत जास्त फसवतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

आधी लेखनाचं. शेवटी ङ आहे, ‘वाङ्मय’मधला, आणि त्याच्यापुढे ग नाही. ‘बिनातांग’ असं उतरवलं, तर पन्नास नोंदींनंतर कुठला ग खरा आणि कुठला अनुस्वारातून शिरलेला हे ओळखता येत नाही. पहिल्या ओळीपासून ङच ठेवा.

मलयमधून शेजारच्या सख्ख्या भाषेत गेलेला शब्द पकडायचा नेहमीचा मार्ग म्हणजे ध्वनींच्या जोड्या. मलय ज्या ऑस्ट्रोनेशियन कुळातली आहे, त्या कुळाच्या मूळ भाषेत र-सारखा एक ध्वनी होता. मलयमध्ये त्याचा र झाला, फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये ग. शिरेला मलयमध्ये ‘उरात’ म्हणतात, तागालोगमध्ये ‘उगात’. म्हणजे तागालोगमध्ये अशा जागी ग यायला हवा असताना र दिसला, की शब्द बाहेरून आल्याचा संशय घ्यायचा. पण ‘बिनाताङ’मध्ये असा एकही साक्षीदार ध्वनी नाही. ब, न, त, ङ हे कुळाच्या पश्चिम भागातल्या बहुतेक भाषांत जसेच्या तसे टिकतात. शब्द वारशाने आलेला असो वा काल बोटीतून उतरलेला, दिसणार तसाच. इथे जोड्यांवर विसंबून कोणी ‘समान मूळ’ असं लिहून टाकलं, तर रकाना तिथेच बिघडतो.

मग दुसऱ्या खुणा बघायच्या. एक, लांबी: या कुळातली जुनी मुळं बहुतेक दोन अक्षरांची असतात आणि हा शब्द तीन अक्षरांचा आहे. दोन, शेजारी घरचा शब्द जिवंत आहे का? बोर्निओ बेटावरच्या सारावाक या मलेशियन राज्यातल्या इबान भाषेत ‘जेलु’ आहे, तागालोगमध्ये ‘हायोप’, बालीमध्ये ‘बुरोन’. हा ‘बुरोन’ शिकारीच्या ‘बुरु’वरून आला, म्हणजे मुळात सावज. घरचा शब्द ठणठणीत असताना शेजारी ‘बिनाताङ’ही ऐकू येत असेल, तर आधी बाजारपेठेच्या मलयकडे बोट दाखवावं.

एक खड्डा जरूर टाळा. मलयमध्ये ‘बाताङ’ म्हणजे खोड किंवा दांडा, आणि या कुळात शब्दाच्या पोटात ‘-इन-’ घुसवायची जुनी पद्धत आहे. त्यामुळे ब-इन-आताङ अशी फोड डोळ्यांना फार गोड दिसते. अर्थ मात्र जुळत नाही. नुसत्या आकारावरून व्युत्पत्ती मांडू नये.

पूर्वेला न्यू गिनीत पोहोचल्यावर या शब्दाने अर्थच बदलला. तिथल्या टोक पिसिन या इंग्रजीवर आधारलेल्या मिश्र भाषेत ‘बिनाताङ’ म्हणजे किडा. पापुआ न्यू गिनीत मदांगजवळ बिनाताङ रिसर्च सेंटर आहे, तिथे मुख्य काम कीटकांवर चालतं. 1884 ते 1914 या जर्मन काळात मळ्यांवर मलय बोलणारे मजूर आणले गेले होते. पालेभाजीचा ‘सायोर’ आणि मिरचीचा ‘लोम्बो’ हेही टोक पिसिनमधले मलय शब्दच. अर्थ असा आकसणं मराठी कानाला नवं नाही. गावाकडे रात्री कोणी म्हटलं, ‘गोठ्यात जनावर निघालंय,’ तर कंदील घेऊन सापच शोधतात, म्हैस नव्हे. नोंद करताना अर्थाचा रकाना स्वतंत्र ठेवा आणि ‘प्राणी’ हा शिक्का सरसकट मारू नका.

दुसरा शब्द मलेशियात ‘हायवान’, इंडोनेशियात ‘हेवान’. अरबी ‘हयवान’ फारसीतून आपल्याकडे येऊन ‘हैवान’ झाला, तोच हा. मधला ‘आय’ इंडोनेशियात ‘ए’ होतो याचा पडताळा आपल्याच ओळखीच्या दुसऱ्या शब्दाने करता येतो: आपला ‘हैराण’ तिकडे ‘हायरान’ आणि ‘हेरान’ आहे, अर्थ मात्र ‘चकित’. जावानीजमध्ये रूप ‘केवान’ आहे. हा क चुकीचा समजून दुरुस्त करू नका. अरबीतला घशातला ह तिथे बऱ्याच जुन्या शब्दांत क होतो: हाजीचा ‘काजी’, हुकूमचा ‘कुकुम’. जावाशेजारच्या मदुरा बेटावरच्या मदुरी भाषेत पुढे व चा ब होऊन ‘केबान’. म्हणजे मदुरीने तो थेट अरबीतून उचलला नाही, जावानीजमार्गे घेतला. क हाच त्याचा पुरावा.

मानमरातबात मात्र उलटापालट झाली आहे. मराठीत माणसाला ‘हैवान’ म्हटलं की शिवी. मलेशियात ‘हायवान’ हा पाठ्यपुस्तकातला सभ्य शब्द आणि शिवी ‘बिनाताङ’ची. मलेशियातल्या केलांतान राज्याच्या बोलीत तर तो झिजून ‘नाते’ होतो (माणूस या अर्थाच्या ‘ओराङ’चा जसा ‘ओरे’), आणि भांडणात तोच ऐकू येतो. सारावाकमधल्या बिंतांगोर गावाचं पूर्वीचं नाव ‘बिनाताङ’ होतं.

तिसरा शब्द आपल्याला सर्वांत जवळचा आणि म्हणूनच नोंदताना हमखास चुकणारा: इंडोनेशियन ‘सात्वा’, म्हणजे संस्कृत ‘सत्त्व’. सत्त्व, रज, तम मनात धरून बसलं तर अर्थ लागत नाही. संस्कृतात ‘सत्त्व’चा ‘सजीव, प्राणी’ हाही अर्थ आहे आणि पूर्वेकडे तोच गेला: थाई आणि ख्मेरमध्ये ‘सत’, सिंहलीत ‘सता’, पश्चिम जावातल्या सुंदानीजमध्ये ‘सातो’. जावानीजमध्ये ‘सातो केवान’ ही जोडीच आहे, एक शब्द संस्कृत, एक अरबी, दोन्हींचा अर्थ जनावर. इंडोनेशियन ‘मार्गासात्वा’ (वन्य प्राणी) मधला ‘मार्गा’ म्हणजे रस्ता नव्हे, मृग. आणि मृगही हरणापुरता नाही, ‘शाखामृग’मधला, कुठलंही रानटी जनावर. पाट्यांवर हे सगळं शेजारी शेजारी दिसतं: 1916 च्या सुराबायातल्या प्राणिसंग्रहालयावर ‘केबुन बिनाताङ’, जाकार्ताच्या रागुनान प्राणिसंग्रहालयावर ‘तामान मार्गासात्वा’ (‘केबुन’ आणि ‘तामान’ म्हणजे बाग). पशुवैद्य मात्र ‘दोक्तेर हेवान’. तिथे ‘बिनाताङ’ चालत नाही. कुर्बानीचं जनावरही ‘हेवान’, आणि दुर्मीळ वन्यजीव म्हटलं की ‘सात्वा’. म्हणून कोशातला एकेक शब्द न उतरवता त्याची नेहमीची जोडी उतरवावी.

शब्दांच्या टक्केवारीवरून भाषांचं नातं मोजणाऱ्यांसाठी: मॉरिस स्वदेश या भाषाशास्त्रज्ञाच्या 200 मूलभूत शब्दांच्या यादीत ‘प्राणी’ आहे, नंतरच्या 100 च्या यादीत नाही; तिथे कुत्रा, मासा, पक्षी, ऊ आहेत. या भागातल्या भाषांसाठी 100 चीच यादी घ्या, नाहीतर उसने शब्द नातं फुगवतात.

पुढचा रकाना ‘आयाम’. हा वारशाचा शब्द, मूळ अर्थ पाळीव जनावर. मलयमध्ये त्याची कोंबडी झाली, फिलिपिन्सच्या बिकोल आणि वारायमध्ये कुत्रा. तिथेही दोन स्तंभ लागतील, एक रूपाचा आणि एक अर्थाचा, आणि फिलिपिन्सच्या यादीत ‘कोंबडी’ अर्थाने ‘आयाम’ दिसला तर आधी मलयचा संशय घ्यायचा.