लहान जबड्याचं बाळ घेऊन चंद्रपूर ते नागपूर

वरोरा, जाम, बुटीबोरी मार्गे अंदाजे 150 किलोमीटर, तीन तास. पिएर रॉबिनच्या (जन्मतःच खालचा जबडा लहान असण्याच्या दोषाच्या) बाळासाठी हे तीन तास फार कमी लोक गांभीर्याने घेतात. खालचा जबडा मागे असतो, त्यामुळे उताणं झोपवलं की जीभ घशात पडते. मांडीवर अर्धवट बसवलं तर हनुवटी छातीला टेकते, तेही वाईट. कुशीवर, तोंड दिसेल असं घ्यायचं. घेणाऱ्याने डुलकी काढायची नाही. ऑक्सिजन किंवा नाकातून घशापर्यंतची नळी लागत असेल तर खासगी गाडी नकोच, अॅम्ब्युलन्सच.

ऑक्सिमीटर पायाला पट्टीने लावायचा घ्या. मोठ्यांच्या बोटाचा बाळाला चालत नाही. आणि 95 दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, घोरल्यासारखा आवाज येतोय का, ते बघा.

चालत्या गाडीत पाजू नका. जामला चहासाठी थांबतोच आपण, तेव्हा पाजा. तोंडातल्या टाळूला फट असेल तर बाळाला ओढता येत नाही; दाबायची बाटली लागते, नाहीतर नाकातून पोटात नळी. एका वेळी अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वर्धा रोडने येताना मिहानचं एम्स आधी लागतं, मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) पुढे शहरात. नवजाताचा जबडा ताणायची शस्त्रक्रिया आणि एनआयसीयूतली (नवजातांच्या अतिदक्षता विभागातली) खाट एकाच ठिकाणी मिळेल का, हे निघण्याआधीच विचारा.

शस्त्रक्रियेआधी नाकातून दुर्बीण, झोपेची तपासणी, सीटी. अडथळा स्वरयंत्राशी असेल किंवा मेंदूच श्वास थांबवत असेल, तर जबडा लांबवून भागत नाही. पुष्कळ बाळांचं पालथं झोपवून किंवा नळीवरच निभतं.

शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंना हाड कापून डिस्ट्रॅक्टर, म्हणजे जबडा हळूहळू लांबवणारं स्क्रूचं यंत्र, बसवतात. एक-दोन दिवस थांबून रोज 1 ते 2 मिमी फिरवतात. हळू फिरवलं तर हाड आधीच जुळतं, घाई केली तर नवं हाड नीट धरत नाही. फिरवल्याची नोंद डावी-उजवी वेगळी ठेवा. एका बाजूला चुकलं की जबडा वाकडा होतो. यंत्राच्या बाहेर आलेल्या दांडीभोवती लाली किंवा पू, रडताना ओठाची एक बाजू न हलणं, हे लगेच दाखवा.

मग हाड पक्कं होईपर्यंत 4 ते 8 आठवडे यंत्र तसंच राहतं. ते काढायला दुसरी फेरी, दुसरी भूल. यंत्राची कंपनी आणि मॉडेल डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. काढताना त्याच मापाचा पाना लागतो.