जेफरसनची पाच सेंटची नाणी : दहापैकी नऊ

अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचा चेहरा असलेल्या पाच सेंटच्या नाण्यांचा जो छोटा संच मी तीन वर्षांपासून जमवीत आहे, त्यात २००४ ते २००६ची पाच चित्रे, प्रत्येक चित्र फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर या दोन टाकसाळींचे, अशी दहा घरे आहेत. या महिन्यात दोन नाण्यांची भर पडून दहापैकी नऊ घरे भरली. न्यू जर्सीत राहणारी माझी आतेबहीण दुकानातून परत मिळालेली चिल्लर माझ्यासाठी बरणीत साठवते. या वेळी त्या बरणीतून २००४चे होडीचे आणि २००५चे बायसनचे (अमेरिकेतील रानगव्याचे) अशी दोन नाणी निघाली, दोन्ही डेन्व्हर टाकसाळीची.

मांडणीही मी बदलली आहे. २००६चे नाणे आजवर मी संचाबाहेर ठेवत होतो, कारण त्यावर जेफरसनचे मॉन्टिसेलो हे घर परत आले आहे आणि मला ते जुनेच नाणे वाटत असे. कायदा वाचल्यावर ही चूक लक्षात आली. तिथे चलनी नाण्याचे चित्र पंचवीस वर्षांच्या आत पुन्हा बदलायचे तर काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, परवानगी लागते. १९१३च्या बायसनच्या नाण्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावरच १९३८ साली जेफरसन नाण्यावर आला. २३ एप्रिल २००३ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने लुइझियाना खरेदी (अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतलेला विस्तीर्ण प्रदेश) आणि लुईस व क्लार्क यांची मोहीम (त्या प्रदेशातून पश्चिमेच्या समुद्रापर्यंतची शोधयात्रा) यांच्या द्विशताब्दीसाठी मागची बाजू बदलण्याची मुभा २००५ अखेरपर्यंत दिली आणि त्यानंतर मॉन्टिसेलो परत आणणे बंधनकारक केले. दर्शनी बाजूवर जेफरसन हवा एवढीच अट होती. त्याने कोणीकडे पाहावे हे कायद्याने ठरवले नव्हते. म्हणूनच २००६मध्ये जुने घर परतले, पण एका बाजूने दिसणारा जुना चेहरा परतला नाही. अमेरिकेच्या चलनी नाण्यावर राष्ट्राध्यक्ष प्रथमच समोर पाहू लागला. माझ्या मते संचातले सर्वांत महत्त्वाचे नाणे हेच आहे, आणि आता ते शेवटच्या ओळीत सन्मानाने बसले आहे.

२००५च्या दुसऱ्या नाण्यावर समुद्र दिसल्याच्या आनंदाचे क्लार्कच्या रोजनिशीतले उद्गार आहेत. त्याने ‘ओशन’ची अक्षरे चुकीची लिहिली होती, ती नाण्यावर सुधारून घेतली आहेत, मूळ अक्षरे राहिली असती तर मला अधिक आवडले असते.

रिकामे घर याच समुद्राच्या डेन्व्हर नाण्याचे आहे. न्यू जर्सीच्या चिल्लरीत फिलाडेल्फियाची नाणी अधिक सापडतात, तरीही ते विकत न घेता चलनातूनच मिळवायचे असे ठरवले असल्याने, दिवाळीला बहीण येईल तेव्हा पुढची बरणी तपासून नोंद करीन.