दादाला भरलेलं रक्त टिकतच नव्हतं

दादाचं हिमोग्लोबिन ५.८ आलं तेव्हा सगळ्यांना एकच वाटलं, आतून कुठूनतरी रक्त जातंय. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर आक्रसून निकामी होणं, आहे हे दीड वर्षापासून माहीत होतं, दारूनेच झालेला, त्यात लपवायचं काय, सुटली तीही तेव्हाच म्हणजे लिव्हर गेल्यावर. मग एंडोस्कोपी झाली, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटल्यात का बघितलं, शी काळी होते का ते वहिनी रोज विचारायची. काही सापडेना.

तोवर गावाकडच्या हॉस्पिटलात रक्त चढवणं सुरू. तालमीतली पोरं आळीपाळीने ब्लड बँकेत जायची. दोन पिशव्या चढल्या की ८ च्या आसपास, दादा जरा बोलायला लागायचा, भाकरी मागायचा, आणि दहा-बारा दिवसांत परत ६, परत धाप. तीन महिने हेच, सोबत लोहाच्या गोळ्या. डोळे हळदीसारखे पिवळे, तर आत्याने कुठूनशी काविळीची माळ आणून गळ्यात घातली, ती वाढते म्हणे जशी कावीळ उतरते तशी. माळ वाढली, कावीळही वाढली.

पुण्याला नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी रक्त जातंय कुठे हे विचारलंच नाही, म्हणाले रक्त तुटतंय का, म्हणजे लाल पेशी अंगातच फुटतायत का, ते बघू. रेटिक काउंट, म्हणजे कोवळ्या लाल पेशींचा आकडा, वाढलेला, म्हणजे हाडातला मगज बिचारा नवीन पेशी धडाधड बनवतोय. एलडीएच, पेशी फुटल्या की रक्तात सांडतं ते, वाढलेलं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, १४ आणि त्यातलं इनडायरेक्टच जास्त, म्हणजे तुटलेल्या पेशींतून आलेलं, लिव्हरने अजून हाताळलेलं नाही असं. कूम्ब्स टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे शरीर स्वतःच्याच रक्तावर उठलंय असंही नाही. हॅप्टोग्लोबिन, पेशी फुटल्या की रक्तात संपत जाणारं प्रथिन, एकदम कमी, पण ते लिव्हरच बनवतं त्यामुळे सिरॉसिसमध्ये तसंही कमीच असतं, त्यावर एकट्यावर भरवसा नाही ठेवायचा असं ते म्हणाले. मग स्मिअर, रक्ताचा थेंब काचेवर पसरून बघतात तो. लॅबमधल्या मॅडम भल्या होत्या, मला म्हणाल्या बघायचंय का, आणि मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावला तर गोल पेशींच्या मध्ये मध्ये चक्क सराटे! शेतात अनवाणी गेलं की टाचेत घुसतात ना, तसे वेडेवाकडे काटे आलेल्या लाल पेशी. त्यालाच स्पर सेल म्हणतात, १९६४ पासून हे नाव आहे.

मला समजलं ते असं. लाल पेशीच्या पापुद्र्यात कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड ठराविक प्रमाणात लागतं. लिव्हर पार बिघडलं की रक्तातल्या चरबीचं गणितच चुकतं, जास्तीचं कोलेस्टेरॉल जाऊन पेशीच्या पापुद्र्याला चिकटतं, पेशी ताठर होते. नंतर ती प्लीहेतून, म्हणजे जुन्या पेशी गाळणाऱ्या पोटातल्या अवयवातून जाताना, जी सिरॉसिसमध्ये आधीच सुजलेली असते, तिथे घासून घासून काटे येतात आणि शेवटी तिथेच तिचा निकाल लागतो. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही आठवडाभर जगली तरी खूप.

आणि आता मुख्य गोष्ट. तालमीतल्या पोरांचं रक्त एकदम ठणठणीत होतं, दंड-बैठका मारणारी पोरं ती. पण दादाच्या प्लाझ्मात गेल्यावर त्या पेशींनाही तेच कोलेस्टेरॉल चिकटत होतं, त्यांचेही सराटेच होत होते. बिघाड पेशींत नव्हताच, पेशी ज्यात पोहतात त्या पातळ प्लाझ्मात होता. आणि लोह कमी नव्हतंच, तुटलेल्या पेशींचं लोह अंगातच पडून, वरून आम्ही गोळ्या. प्लीहा काढून टाका ना मग, असं मीच विचारलं, तर डॉक्टर म्हणाले या अवस्थेत ते ऑपरेशनच झेपणार नाही. लिव्हर बदलणं हाच उपाय.

लिव्हर किती गेलंय, बदलायची घाई किती हे सांगणारा मेल्ड स्कोअर नावाचा आकडा असतो, बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), क्रिएटिनिन (किडनीचं), सोडियम यावरून निघतो, त्यात हिमोग्लोबिन धरतच नाहीत. म्हणजे माणूस रक्त तुटून खंगतोय हे त्यात थेट कुठे दिसतच नाही, मला हे अजून पटत नाही.

ब्रेनडेड डोनरच्या यादीत नाव घातलं, पण थांबायला वेळ नव्हता. मी तयार होतो, तर माझ्याच लिव्हरवर चरबी निघाली, आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, वडापाव मात्र घेतले. शेवटी वहिनी. ब्लड ग्रुप ओ, नवरा-बायको कायद्याने जवळचे नातेवाईक, तरी अवयवदानाला परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर तिला विचारलंच की तुमच्यावर कुणी दबाव टाकला का. ती म्हणाली, “वीस वर्षं दबावच आहे, पण याच्यासाठी नाही.” कमिटीतले एक जण हसले. तिच्या लिव्हरचा उजवा भाग घेतला, साधारण ६० टक्के, उरलेलं काही आठवड्यांत बऱ्यापैकी वाढून भरून येतं.

ऑपरेशनच्या वेळी रक्त लागलंच, ते सोडा. पण नंतर पहिल्यांदाच असं झालं की चढवलेलं रक्त चढलेलं राहिलं. दोन महिन्यांनी स्मिअर परत केला, मी मुद्दाम त्याच मॅडमकडे गेलो, सराटा एक सापडेना. परवा हिमोग्लोबिन ११.४, तालमीच्या ग्रुपवर टाकलं तर एकाने लगेच लिहिलं, मग आता आमच्या पिशव्या परत द्या.