एम.फार्म.चं डेझर्टेशन : उंदीर, अल्कोहोल आणि झिंक

एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावर होणारा परिणाम) या विषयाला ॲडमिशन घेतल्यावर गाईड मॅडमनी विषय दिला : अल्कोहोलमुळे जठराच्या अस्तराला होणारी इजा झिंक सल्फेट किती रोखतं. विषय जुनाच, हाँगकाँगच्या संशोधकांनी उंदरांवर हे काम कधीच करून ठेवलेलं. मॅडम म्हणाल्या, "शोध नंतर लाव, आधी हात बसू दे."

प्रयोगापेक्षा जास्त वेळ खाल्ला तो प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या बी फॉर्मनं (परवानगीचा अर्ज). किती उंदीर, तेवढेच का, कमी का चालणार नाहीत, वेदना कशी टाळणार? "गटात सहाच घेतात सगळे" हे उत्तर तिथे चालत नाही. चालूही नये.

विस्टार जातीचे उंदीर 24 तास उपाशी ठेवायचे, पाणी मात्र द्यायचं. पिंजऱ्यात खाली जाळी हवीच, नाहीतर भुकेले उंदीर स्वतःच्या लेंड्या खातात आणि जठर रिकामं राहत नाही. आधी झिंक, मग काही वेळानं ॲब्सोल्यूट (पाणी न मिसळलेलं) अल्कोहोल, दोन्ही गॅव्हाजच्या सुईनं, म्हणजे तोंडातून थेट जठरात सोडणाऱ्या सुईनं. सुई श्वासनलिकेत गेली की उंदीर गेलाच, म्हणून आधी नुसत्या सलाइनवर सराव. तासाभरानं जठर काढून मोठ्या वक्र कडेनं कापून उघडायचं.

नुसतं अल्कोहोल दिलेल्या गटात ग्रंथींच्या भागावर लांबलचक काळपट-लाल पट्टे. वरचा, ग्रंथी नसलेला पांढुरका भाग मात्र स्वच्छ, मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा. झिंकच्या गटात पट्टे कमी आणि आखूड. झिंक मास्ट पेशींना हिस्टामिन (त्यांच्यात साठलेलं, दाह वाढवणारं रसायन) सोडू देत नाही, श्लेष्म्याचा थर टिकवतं, ही त्यामागची कारणं पुस्तकात वाचली होती. डोळ्यांनी पाहिल्यावर पटली.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी तोच प्रश्न टाकला जो मावसभावानं घरी विचारला होता : "मग पार्टीआधी झिंकची गोळी घ्यायची का?" म्हटलं, नाही सर. हे उपाशी उंदरावरचं तासाभराचं मॉडेल आहे, रोज पिणाऱ्या माणसाचं नाही. झिंक सल्फेटनं रिकाम्या पोटी उलट मळमळतं, जास्त डोस दीर्घकाळ घेतला तर शरीरात तांब्याची कमतरता होते. जपानमध्ये पोलाप्रेझिंक हे झिंक असलेलं औषध 1994 पासून मिळतं, 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पण ते अल्सरचं औषध आहे. आणि जठर वाचलं तरी लिव्हरचं काय?

सर "बरं" म्हणाले आणि पट्टे मोजणाऱ्याला गट माहीत होते का, यावर आले. नव्हते. जठरांवर फक्त कोड होते आणि मोजलं होतं माझ्या बॅचमेटनं.